कचरूमामांची सेवापूर्ती

नेकनूरच्या बसस्टँडवरून बाजारतळाकडे निघालं की उजव्या हाताला एक पत्र्याचं दुकान लागतं. दारात एकावर एक रचलेले भोंगे, आत दोन अँप्लिफायर, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली वायरींची वेटोळी आणि वर पाटी, ‘शिवा साऊंड सर्व्हिस’. पंचक्रोशीत लग्न असो, सप्ताह असो, निवडणूक असो की बँकेतल्या शिपायाची निवृत्ती, माईक शिवशंकर शेटे यांचाच असतो.

सव्वीस वर्षं हा माणूस भाषणांच्या गराड्यात बसून आहे. पुढारी कुठल्या वाक्याला ओरडणार हे त्याला पुढाऱ्याच्या आधी कळतं आणि आवाजाचं बटण तो तेवढं आधीच खाली करून ठेवतो. स्वतःचा आवाज म्हणाल तर देवानं सढळ हातानं दिलेला. सकाळी सकाळी त्यानं ‘हॅलो, माईक चेक’ म्हटलं की चार शेतं पलीकडची माणसं खुरपं थांबवून बघतात. पण गाडी तिथंच अडते. ‘चेक’च्या पुढे एक शब्द म्हणून फुटत नाही. पोरीच्या लग्नात पाहुण्यांचे आभार मानायला त्याच्या हातात माईक दिला, तर गड्यानं तो कानाशी धरून तपासला, ‘चांगला हाय’ म्हणाला आणि व्याह्यांच्या हातात देऊन टाकला. लोक हसले, तोही हसला. रात्री मात्र त्याला जेवण गेलं नाही.

दुकान शिवशंकरचं असलं तरी विद्या कचरूमामांची. कचरू ओव्हाळ हे त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, चिंचखेडीचे. तरुणपणी एका वायरमनच्या हाताखाली दहा वर्षं राबलेले. शिवशंकरनं दुकान टाकलं तेव्हा त्याला फेज कुठली नि न्यूट्रल कुठली एवढंही धड कळत नव्हतं. मामांनी सगळं शिकवलं. जमिनीत लोखंडी सळई ठोकायची, तिच्याभोवती तांब्याभर पाणी ओतायचं, अर्थिंगची वायर तिला बांधायची आणि माईक कुणाच्या हातात देण्याआधी स्वतःच्या हाताची उलटी बाजू त्याला लावून बघायची. “आधी आपल्याला बसू दे झटका, मग दुसऱ्याला बोलू दे,” असं ते म्हणत. चारचौघांत ते त्याला शेठ म्हणत आणि टेम्पोत बसले की शिवा.

अकरा वर्षांपूर्वीच्या सव्वीस जानेवारीला चिंचखेडीच्या शाळेत कार्यक्रम होता. मैदानात धूळ उडू नये म्हणून सकाळीच पाणी मारलेलं. मामा लिंबाच्या झाडावर चढून भोंगा बांधत होते आणि सळई अजून जमिनीवर आडवीच पडलेली होती. एवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. “लावा, लावा, सुरू करा,” असा गलका झाला. शिवशंकर गडबडला. पिन बोर्डात बसेना, म्हणून त्यानं वायरींची टोकं दातानं सोलली, उघडीच भोकात खुपसली आणि हलू नयेत म्हणून बाजूला आगपेटीच्या काड्या ठोसल्या. अर्थिंग राहून गेली. उलटा हात लावून बघायचंही राहून गेलं.

स्वागतगीत म्हणायला नऊ वर्षांची आरोही पुढे आली. चपला काढून, ओल्या मातीतून, अनवाणी. तिनं माईक धरला आणि झटक्यासरशी ओट्यावरून खाली फेकली गेली. जिवावरचं मनगटावर निभावलं, तिथलं हाड मोडलं तेवढंच. पण त्या घटकेला ते कुणाला ठाऊक होतं? पोरगी निपचित पडलेली, बायका रडायलेल्या, आणि तिचे वडील उत्तरेश्वर, गावातलं मोठं प्रस्थ, ओरडत पुढे आले, “कुणी जोडलं हे? कुणी जोडलं?”

शिवशंकर अँप्लिफायरच्या मागे उभा होता. त्याला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. तोवर मामा झाडावरून घसरत खाली आले होते. दोन्ही हात सालटून निघालेले. त्यांनी एकदा बोर्डातल्या काड्या बघितल्या, एकदा शिवशंकरकडे बघितलं आणि पुढे होऊन म्हणाले, “म्या जोडलं, दादा.”

उत्तरेश्वरांनी त्यांच्या तोंडात मारली. पाचशे माणसांदेखत. मामांची टोपी चिखलात पडली. शिवशंकरवर उचलताना कदाचित अडखळला असता असा हात कचरूवर सहज उचलला गेला, आणि तो का, हे त्या मैदानात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. झाडावर बसलेला माणूस त्याच वेळी खाली वायर कशी जोडेल, हे पाचशेतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

परत येताना टेम्पोत शिवशंकर नुसता समोर बघत गाडी चालवत होता. मामाच म्हणाले, “मालकाची चूक म्हणलं तर उद्यापासून तुला कोण बोलवंल? माझं काय, मी गडी माणूस. चार दिसानं इसरत्यात लोकं.”

लोक विसरले नाहीत. “शिवा, माईक लाव, पण त्या कचरूला वायरीला हात लावू देऊ नको,” असं आधी चिंचखेडीत आणि मग आजूबाजूच्या गावांत बजावून सांगायला लागले. मामांच्या सतीशला शाळेत पोरं ‘शॉकवाल्याचा’ म्हणायची. ज्याच्याकडून अख्खा धंदा शिकला, तो माणूस त्या दिवसापासून नुसता हमाल झाला. भोंगे उचलायचे, झाडावर चढायचं, खाली उतरून लांब उभं राहायचं. शिवशंकर वायरी जोडायचा तेव्हा मामा दोन्ही हात पाठीमागे बांधून बघत राहायचे आणि त्याचं काही चुकायला लागलं की हळूच खोकायचे. अकरा वर्षं हा धंदा त्या खोकल्यावर चालला, हे गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही.

दर सव्वीस जानेवारीला शिवशंकर ठरवायचा, की यंदा सांगून टाकायचं. आणि दर वर्षी ‘माईक चेक’ म्हणून गप्प बसायचा.

मागच्या वर्षी नेकनूरला ‘चार शब्द’ नावाचं मंडळ निघालं. काढलं रोहिणी मुळे यांनी. या जनावरांच्या डॉक्टर. वय असेल तेहतीस, पण म्हैस अडली तर दावं धरायला चार बाप्यांना हुकूम सोडणाऱ्या. पुण्याला शिकत असताना अशाच एका मंडळात त्या बोलायला शिकल्या होत्या. आपल्याकडच्या माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, पण उभं राहिलं की त्याचं सगळं आटतं, हे त्यांनी गोठ्यागोठ्यातून पाहिलं होतं. एका शिकवणीच्या क्लासवाल्यांची माडीवरची खोली शनिवारी संध्याकाळी रिकामी असायची, ती त्यांनी मागून घेतली.

उद्घाटनाला माईक अर्थातच शिवशंकरचा. पहिल्याच दिवशी एस.टी.चे कंडक्टर गहिनीनाथ बोलायला उभे राहिले. वेळ तीन मिनिटं. “व्यासपीठावर विराजमान,” अशी त्यांनी सुरुवात केली. खोलीत व्यासपीठ नव्हतं. तरी त्यांनी नऊच्या नऊ जणांची नावं उपाध्यांसकट घेतली, चहा घेऊन आलेल्यालाही ‘युवा उद्योजक’ म्हणून गौरवलं आणि ‘आता मूळ विषयाकडे वळतो’ म्हणाले, तोच रोहिणीताईंनी स्टीलच्या ताटलीवर चमचा मारला. तीन मिनिटं संपली होती. गहिनीनाथांचा चेहरा असा झाला की जणू चालत्या गाडीतून त्यांनाच कुणी उतरवलं. त्या दिवसापासून मंडळाचा नियम झाला, कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, विषय काढायचा.

निघताना रोहिणीताई शिवशंकरला म्हणाल्या, “पुढच्या शनिवारपासून माईक नको. एवढ्याशा खोलीत कशाला? तुम्ही तेवढे या.”

“मी येऊन काय करू, डॉक्टरताई?”

“उभं राहायचं. तीन मिनिटं. बोलायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.”

तो गेला. का गेला हे त्यालाही सांगता आलं नसतं. नाव पुकारल्यावर पुढे जाऊन उभा राहिला आणि खरोखरच तीन मिनिटं नुसता उभा राहिला. घाम मानेवरून पाठीत उतरला. एकदा तोंड उघडलं तर सवयीनं ‘हॅलो’ निघालं. कुणी हसलं नाही. ताटली वाजली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षांत त्यानं टाळ्या ढिगानं ऐकल्या होत्या, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. ह्या ऐकून त्याला रडायला आलं, आणि रडायला आलं म्हणून लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो पुढच्या शनिवारी गेला.

दुसऱ्या आठवड्याला दोन वाक्यं झाली. चौथ्याला त्यानं भोंगा झाडाला कसा बांधावा हे सांगितलं. लिंबाला बांधा, बाभळीला बांधा, पण शेवग्याला चुकूनही बांधू नका, निम्म्या मंगलाष्टकात भोंगा नवरदेवाच्या डोक्यावर येतो. सगळे खदखदून हसले. माणसं आपल्या बोलण्यावर हसतात, आपल्यावर नाही, हे त्याला नवीन होतं. पुढे महिन्याभरानं एका सभेचा अध्यक्ष त्यालाच केलं. कुणी किती बोलायचं, कुणाला थांबवायचं, हे त्यानं ठरवायचं होतं. त्यानं गहिनीनाथांना सुद्धा वेळेवर थांबवलं.

फरक धंद्यातही दिसायला लागला. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं आवाज वाढव म्हणून दमदाटी केली, तर शिवशंकर शांतपणे म्हणाला, “शेजारी म्हातारी आजारी हाय. न्हाई वाढवणार.” तो ओशाळून निघून गेला. कचरूमामा पलीकडे उभे होते. “काय म्हणलास त्याला?” त्यांनी विचारलं. शिवशंकरनं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा त्याच्या पहिल्यांदा ध्यानात आलं, की मामांना ऐकू येत नाही.

मग एका शनिवारी विषय निघाला, ‘माझी एक चूक’. शिवशंकर उभा राहिला. “एका गावात एका माणसानं घाईत उघड्या वायरी बोर्डात खुपसल्या,” इथपासून त्यानं सगळं सांगितलं. काड्या, ओली माती, पोरगी, झाडावरचा म्हातारा, ती थापड. संपल्यावर रोहिणीताईंनी विचारलं, “त्या माणसाचं नाव काय?”

“आठवत न्हाई,” शिवशंकर म्हणाला आणि खाली बसला. पुढचे तीन शनिवार तो गेला नाही. डॉक्टरताई दुकानावरून दोनदा गेल्या, दोन्ही वेळा त्यानं भोंग्यात तोंड घालून काहीतरी दुरुस्त करायचं सोंग केलं.

त्याच दिवसांत सतीश चाकणहून आला. तिथं कंपनीत कायम झालेला, दोन खोल्या घेतलेल्या. त्यानं बापाला बीडला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. एवढी वर्षं भोंग्याखाली काढल्यानं एक कान गेलाच होता, दुसरा चालला होता. वर्षभरात तोही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. दसरा झाला की आई-बाप दोघांनाही घेऊन जायचं सतीशनं पक्कं केलं.

मामांनी हे टेम्पोत सांगितलं, एखादी वायर संपली म्हणून सांगावं तसं. “आता मी खोकून तरी काय उपेग? माझा मलाच खोकला ऐकू यीना.”

शिवशंकरनं गाडी बाजूला घेतली आणि उगाच चाकात हवा आहे का ते बघायला उतरला. मामांचा कान जाणार. मामाही जाणार. म्हणजे सांगायचं ते आता पंधरा-वीस दिवसांत, नाहीतर कधीच नाही. आणि एकट्यात ‘माफ करा’ म्हणून भागणार नव्हतं. जे भर मैदानात झालं ते भर मैदानातच निस्तरायला हवं होतं.

त्या आठवड्यात एका गुरुजींची सेवापूर्ती होती. आपल्याकडे नोकरदार माणूस निवृत्त झाला की लग्नासारखा मांडव पडतो. नवरा-बायको शेजारी शेजारी खुर्च्यांवर, भरजरी पोशाख, फेटा, शाल, पंगत आणि तास-दोन तास भाषणं. शिवशंकर अँप्लिफायरशी बसून बघत होता. गुरुजींनी छत्तीस वर्षं सेवा केली म्हणे. मामांनी सव्वीस केली, त्याआधी वायरमनकडची दहा. बेरीज तेवढीच की.

शनिवारी तो माडी चढला आणि रोहिणीताईंना सगळं सांगितलं, या वेळी नावानिशी. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी त्यानं विचारलं, “तीन मिनिटं पुरतील का, ताई?”

“स्वतःचं नाव घेतलंत तर पुरतील,” त्या म्हणाल्या.

मामा काही केल्या तयार होईनात. “मला कशाची नोकरी अन कशाची सेवापूर्ती? लोकं हसतील, शिवा.”

“हसू द्या. तुमी नुसतं येऊन बसा.”

“कावून पण?”

“मला बोलायचंय म्हणून.”

मामांनी हे दोनदा वदवून घेतलं. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं आणि दुसऱ्यांदा खरं वाटलं नव्हतं. मग म्हणाले, “तू बोलणार असशील तर यीन.”

शिवशंकर पत्रिका घेऊन उत्तरेश्वरांच्या घरी स्वतः गेला. दार आरोहीनं उघडलं. आता नर्सिंगला शिकते, सुट्टीला आलेली. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला तेव्हा त्याची नजर तिच्या मनगटावरच गेली. ते बरं होतं. उत्तरेश्वर पत्रिका वाचून म्हणाले, “कचरूची सेवापूर्ती? लई नवीन काढलंस.” पण येतो म्हणाले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी, चिंचखेडीच्या त्याच मैदानात मांडव पडला. शिवशंकर पहाटेच आला होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो स्वतः लिंबावर चढला, भोंगे बांधले, उतरताना पायजमा फाडून घेतला. सळई ठोकली, पाणी ओतलं, उलटा हात लावून माईक तीनदा तपासला. नऊ वाजता सतीश आई-बापाला घेऊन आला. मामांना ओट्यावर बसवून फेटा बांधला, शाल घातली. त्यांच्या सिंधुबाई जांभळ्या लुगड्यात, पोशाखाचा आहेर होईपर्यंत कशाबशा वर बसल्या आणि “मला खाली बरं हाय” म्हणत बायकांत जाऊन बसल्या. लोक बरेच जमले होते. काही मायेनं, काही मजा बघायला, काही जेवायला. उत्तरेश्वर पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी आरोही.

सूत्रसंचालन गहिनीनाथांकडे होतं. “सगळे बसलात, सगळ्यांना नमस्कार. शिवशंकर बोलतील,” एवढंच म्हणून ते बाजूला झाले. हे त्यांना किती जड गेलं असेल ते मंडळाच्या लोकांनाच माहीत.

शिवशंकर माईकसमोर उभा राहिला. समोर अख्खं गाव. रोहिणीताई मागच्या रांगेत होत्या, त्यांच्या हातात आज ताटली नव्हती. तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. नुसतं उभं राहणं त्याला आता येत होतं.

“मी शिवशंकर शेटे,” तो म्हणाला. “अकरा वर्षांमागं हितंच, ह्या मैदानात, आरोहीला माईकचा झटका बसला. त्या वायरी कचरूमामांनी न्हाई जोडल्या. म्या जोडल्या. मामा तवा झाडावर व्हते. म्या घाईत उघड्या वायरी खुपसल्या, काड्या लावल्या, अर्थिंग केली न्हाई. कुणी जोडलं म्हणून इचारलं तवा मी हितंच उभा व्हतो अन माझ्या तोंडातनं शब्द निघाला न्हाई. मामांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली. ज्यानं मला वायर धरायला शिकवली, त्याला तुमी अकरा वर्सं वायरीला हात लावू दिला न्हाई. तुमचं चुकलं न्हाई, तुमाला म्हाईत नव्हतं. मला म्हाईत व्हतं.”

मग पहिल्या रांगेकडे बघून म्हणाला, “उत्तरेश्वरदादा, तुमी त्या दिवशी जी मारली, ती माझ्या वाटणीची व्हती.”

पंगतीची भांडी वाजत होती तीही थांबली. उत्तरेश्वर मान खाली घालून जमिनीकडे बघत राहिले. शिवशंकरनं वळून मामांकडे पाहिलं. मामा हसत होते. प्रसन्न, ओळखीचं, सत्काराला बसलेल्या माणसाचं हसू. मान डोलवत होते. आता टाळ्या वाजवायच्या की काय म्हणून त्यांनी हात जवळही आणले.

शिवशंकरला कळेना. तोवर बायकांमधून सिंधुबाई उठल्या आणि तरातरा ओट्याशी आल्या. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. “शिवाभाऊ, त्येनला काय बी ऐकू आलं न्हाई. भोंगे तर तिकडं तोंड करून हायत.”

सव्वीस वर्षांचा माईकवाला. भोंगे लोकांकडे तोंड करून असतात, मागे बसलेल्याला धड ऐकू येत नाही, हे ज्याला झोपेतही ठाऊक, त्यानं एका कानाच्या म्हाताऱ्याला मानानं भोंग्यांच्या पाठीमागे बसवलं होतं. कचरूमामा यापूर्वी कधी ओट्यावर बसलेच नव्हते, त्यामुळे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. अकरा वर्षं अडलेलं बोलून झालं, ते सगळ्या गावानं ऐकलं आणि ज्याच्यासाठी बोलला तो एकटाच कोरडा राहिला.

क्षणभर त्याला वाटलं, झालं ते झालं. गावाला कळलं. मामांना सिंधुबाई घरी सांगतील. एकदाच एवढा जीव निघाला, पुन्हा कुठून आणायचा? लोकांत कुजबुज सुरू झाली. उत्तरेश्वर उठायच्या बेतात दिसले. शिवशंकर माईकमध्ये म्हणाला, “दादा, बसा. कुणी उठू नका. मला पुन्यांदा बोलायचंय.” आणि कुणी उठलं नाही.

त्यानं मामांचा हात धरून त्यांना ओट्यावरून खाली आणलं. एक प्लास्टिकची खुर्ची भोंग्यासमोर, लोकांच्याही पुढे, मांडवाच्या कडेला उन्हातच ठेवली आणि चांगला कान भोंग्याकडे येईल अशा बेतानं त्यांना बसवलं. मामा गोंधळून इकडे तिकडे बघत होते. आपलं काही चुकलं का, असं त्यांनी खुणेनं सिंधुबाईंना विचारलं. त्या खुर्चीशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

शिवशंकर परत माईकपाशी गेला. पुन्हा तेच, पहिल्यापासून. पण मघाशी तो गावाशी बोलला होता, आता समोर एकच माणूस होता, म्हणून हे दुसऱ्यांदाचं जास्त कठीण गेलं. “मामा, त्या वायरी म्या जोडल्या,” म्हणताना आवाज फाटला. पाणी न पिता तो पुन्हा सुरू झाला. एकही वाक्य गाळलं नाही. मामांचं हसू हळूहळू उतरत गेलं. थापडेपर्यंत आल्यावर त्यांनी शालीचा पदर उगाच बोटांत गुंडाळला. शेवटी शिवशंकर म्हणाला, “मामा, मला लई येळ लागला. माफ करा मला.”

उत्तरेश्वर उठले. ते मामांच्या खुर्चीसमोर आले आणि दोन्ही हात जोडून उभे राहिले. बोलता काही येईना त्यांना, एरवी तासभर बोलणारा माणूस. आरोहीनं पुढे होऊन मामांचे पाय धरले. मामांनी घाईनं तिला उठवलं, तिचं मनगट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि “बरं बसलंय” म्हणाले. मग उत्तरेश्वरांचे जोडलेले हात खाली करत म्हणाले, “बसा, दादा. उन्हात उभं ऱ्हाऊ नका.”

पण त्यांची नजर उत्तरेश्वरांवर नव्हती, शिवशंकरवरही नव्हती. ते सिंधुबाईंकडे बघत होते, चोरून बघावं तसं. कारण ह्या अकरा वर्षांत सिंधुबाईंनाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. बाजारात, पाणवठ्यावर लोकांचे टोमणे ऐकून येऊन त्या ह्याच माणसावर चिडल्या होत्या. एवढं काम येतंय तर त्या दिवशी हात का चुकला म्हणून रडल्या होत्या. आणि ते भाकरीचा तुकडा मोडत गप्प बसले होते.

सिंधुबाई त्यांच्या चांगल्या कानाशी वाकल्या. “मला बी न्हाई सांगितलं?” त्या म्हणाल्या. “घरच्या माणसाला बी न्हाई? अकरा वर्सं?”

आपला आवाज केवढा लागतो हे मामांना आता कळत नाही. त्यांना वाटलं आपण बायकोच्या कानात बोलतोय. पण माईकशिवाय ते मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

“तुला सांगितलं असतं तर तू त्याच्या दारात जाऊन भांडली असतीस,” मामा म्हणाले. “अन त्या लेकराला तवा बोलता येत नव्हतं.”